खोडरबराची उधारी

महाराष्ट्रात शहापूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ठाणे जिल्ह्यातलं शहापूर येतं. आमचं शहापूर भंडारा जिल्ह्यातलं, नागपूरहून भंडाऱ्याला येताना हायवेवर लागणारं. त्यात भर म्हणून आमच्या शेजारीही एक ठाणा आहे, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीजवळचं गाव. सगळा जिल्हा त्याला 'ठाणा पेट्रोल पंप' म्हणूनच ओळखतो. पत्त्यात कुणी भोळेपणानं 'ठाण्याजवळ' लिहिलं की पार्सल मुंबईच्या वाटेला लागलंच म्हणून समजा. तिकडच्या शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड गुरुजींनी डिजिटल केली आणि तिचं नाव राज्यभर झालं, तेव्हा लांबच्या एका नातेवाइकांनी फोन करून आमचंच अभिनंदन केलं होतं. आम्ही ते ठेवून घेतलं.

आमच्याकडे पुढे जे उभं राहिलं त्यात दिमाख म्हणावा असं काही नव्हतं. बंद पडलेले संगणक आणि रविवारी सकाळी त्यांच्याभोवती जमणारी आठ-दहा माणसं, एवढंच. संस्था नाही, नोंदणी नाही, बॅनर नाही, नावसुद्धा नाही. बाहेरचं कुणी चौकशी करत आलं की गावातले लोक माझ्याकडे बोट दाखवतात, कारण फोन नंबर माझा आहे. खरं सांगायचं तर यात माझं स्वतःचं फार थोडं आहे. बाकी सगळं कुणाकुणाकडून आलेलं, आणि त्यातलं बरंच अजून फिटायचं आहे. ती देणी कुठे तरी मांडून ठेवावीत म्हणून हे लिहायला घेतलं.

मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. लोक अजूनही 'सेतू'च म्हणतात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, धानविक्रीची ऑनलाइन नोंदणी, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स. नोव्हेंबरात पेन्शनरांची गर्दी असते, कारण हयातीचा दाखला त्या महिन्यात द्यावा लागतो. 'जीवन प्रमाण' 2014 मध्ये आलं, तेव्हापासून बोट यंत्रावर टेकवलं की काम होतं. म्हणजे व्हायला पाहिजे. पण आयुध निर्माणीतून, आमच्या भाषेत फॅक्टरीतून, निवृत्त झालेल्या माणसांची बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. उभा जन्म पाना, तार आणि घासकागद हाताळून ठसे गुळगुळीत झालेले असतात. मग ओल्या फडक्यानं बोट पुसा, दुसरं बोट लावा, अंगठा लावा, सर्व्हर जागेवर येईपर्यंत थांबा.

नोव्हेंबर 2020 मध्ये असेच एक गृहस्थ थांबले होते. फॅक्टरीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. त्यांना छापून यायची हौस नाही, म्हणून इथेही काकाजीच. माझ्या जागेत पूर्वी कॉम्प्युटर क्लास होता. तो मोडल्यावर मागच्या भिंतीला लावून ठेवलेल्या बंद डब्यांचा ढीग जागेसोबत माझ्या पदरात आला होता. काकाजींची नजर त्या ढिगावर गेली.

"हे का ठेवलं हाय, बेटा?"

"बंद पडलेले सीपीयू आहेत. भंगारवाला आला की देऊन टाकीन."

"बंद पडले म्हंजे का झालं त्याईले?"

"सुरू होत नाहीत."

"ते त मले बी दिसून रायलं. पर का झालं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्लासवाल्याकडेही नसावं. त्या ढिगातल्या एकाही डब्याला कुणी हा प्रश्न विचारलेला नव्हता.

तोवर त्यांचा दाखला निघाला होता. तरी त्यांनी स्टूल ओढलं. वायर काढून घेतली, आणि डबा उघडण्याआधी दुकानाच्या लोखंडी शटरवर तळहात ठेवून क्षणभर उभे राहिले. मला वाटलं नमस्कार करताहेत. नंतर कळलं की अंगातली स्थिर वीज उतरवत होते. बारुदीच्या कारखान्यात आत शिरण्याआधी धातूच्या पट्टीला हात लावून ती उतरवायची असते. तिथे एक ठिणगीही परवडत नाही. संगणकाच्या मेमरीला तर ठिणगी दिसण्याइतकीही वीज लागत नाही, त्याच्या कितीतरी आधी चिप मरते. हे मी पुढे वाचलं. त्यांच्या हाताला ते आधीच ठाऊक होतं, फक्त कारण वेगळं होतं.

बटण दाबलं तर लांब लांब बीप वाजत राहिले, पडद्यावर काही नाही. त्यांनी रॅमची पट्टी खाचेतून उपसली, उजेडात धरली आणि म्हणाले, "खोडरबर हाय का?" मुलाच्या कंपासमधून काढून दिलं. पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात ना, ते त्यांनी एका दिशेनं, अजिबात घाई न करता घासले. रबराचा काळपट चुरा फुंकरीनं उडवून न देता ब्रशनं झाडला, कारण फुंकरीत थुंकी असते. पट्टी परत बसवली, दोन्ही बाजूंचे खटके एकदम लागले पाहिजेत म्हणाले. बटण दाबलं. एकच आखूड बीप वाजला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली.

हा काही चमत्कार नाही, नागपुरात बर्डीवरचा कुठलाही दुकानवाला हेच करतो. पण तो काउंटरमागे नेऊन करतो आणि बाहेर येऊन पाचशे सांगतो. काकाजींनी माझ्यासमोर केलं, आणि दुसरा डबा माझ्यापुढे सरकवला. दुरुस्ती मला माहीत नव्हती असं नाही. ती आपल्या हातची गोष्ट आहे हे माहीत नव्हतं. ते त्या दिवशी कळलं. ही पहिली उधारी.

त्या वर्षी शाळा बंद होत्या हे आठवत असेल. सरकारची 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला मोबाइलवर यायची, आणि मोबाइल घरातल्या कर्त्या माणसाच्या खिशात धानाच्या बांधीवर जायचा. शाळेतल्या एका बाई माझ्याकडे येऊन 'कुणाचा जुना फोन, जुना कॉम्प्युटर आहे का' असं विचारत असायच्या. ढीग माझ्याकडे होता, हात काकाजींचे होते, गरज बाईंनी आणली. जागा तेवढी नव्हती. ती दिली चौकातल्या वाइंडिंगवाल्या भाऊंनी.

या भाऊंबद्दल थोडं थांबून सांगायला पाहिजे. आमचा जिल्हा धानाचा. रोवणीच्या दिवसांत पाऊस दडी मारतो, व्होल्टेज पडतं आणि विहिरीवरच्या मोटारी जळतात. जळलेली मोटार इथे कुणी फेकत नाही. ती सायकलला बांधून, बंडीत टाकून वाइंडिंगच्या दुकानात येते. जळलेली तार छिन्नीनं कापून काढायची, खाचा साफ करायच्या, जुन्या तारेचा गेज मोजून नवी तांब्याची तार तितक्याच वेढ्यांनी भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं. तीच मोटार पुन्हा विहिरीवर. भाऊंकडे अशा मोटारी येतात की ज्यांचा मूळ मालक वारला, मुलानं शेत वाटून घेतलं, आणि मोटार चालूच आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र हाच शेतकरी, हाच माणूस, 'जुना झाला' म्हणतो आणि विषय संपतो. मोटारीला कुणी जुनी झाली म्हणत नाही. जळली म्हणतात, म्हणजे काहीतरी झालेलं असतं आणि जे झालं ते नीट करता येतं. काकाजींचा प्रश्न वाइंडिंगच्या दुकानातला होता. संगणकाच्या दुकानात तो कुणी विचारत नव्हतं, एवढंच.

भाऊंनी ओसरी दिली, मल्टिमीटर दिला, जुनी सोल्डरगन दिली, आणि लाइन गेली की इन्व्हर्टरची एक वायर बाहेर काढून दिली. भाडं विचारलं तर म्हणाले, "चहा तुमचा." तो आजही आमचाच असतो.

शिस्त आली ती काकाजींकडून, आणि ती फॅक्टरीची होती. प्रत्येक यंत्राला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. कुणाचं, काय तक्रार, कुणी उघडलं, कुठला भाग काढला, तो कुठल्या यंत्रात गेला. तेच पुन्हा लांब रजिस्टरात. मला सुरुवातीला हे थोडं अती वाटायचं. चार डबे दुरुस्त करायला दफ्तर कशाला? काकाजी म्हणायचे, "तिथं लिवलं नसन त झालंच नाही असं धरतेत." 24 जानेवारी 2025 च्या सकाळी जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्फोट झाला आणि त्यात कामगार गेले. देशासाठी ती एका दिवसाची बातमी होती. आमच्या पंचक्रोशीत प्रत्येक घराचा कुणीतरी तिथे आहे किंवा होता. त्या रविवारी 26 तारीख होती. ओसरीवर कुणी आलं नाही. रजिस्टर कशासाठी असतं हे त्यानंतर मी कुणाला विचारलं नाही, आणि नव्या पोरांनी कंटाळा केला तर आता मीच ओरडते.

पोरं म्हणजे शहापूरच्या अभियांत्रिकी कॉलेजातली. त्यातल्या दोघांनी आम्हाला लिनक्स दिलं. तोवर आमची यंत्रं दुरुस्त होत होती, पण चालत नव्हती. विंडोज एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 ला संपला, विंडोज 7 चा 14 जानेवारी 2020 ला, आणि नवी आवृत्ती आमच्या एक-दोन जीबी रॅमच्या यंत्रांवर चढवली की ती धापा टाकायची. पोरांनी पेनड्राइव्हवरून डेबियन चढवलं, वर एक्सएफसीई नावाचं हलकं डेस्कटॉप. दोघांत त्यावरून जुंपली. एकाला मिंट हवं होतं, एकाला लुबुंटू. काकाजींनी अर्धा तास ऐकलं आणि म्हणाले, "कोनतं बी टाका, पर सगळ्याईत एकच टाका. उद्या तुमी नोकरीले जासाल, मंग आमी का करावं?" झालंही तसंच, दोघंही आता पुण्यात आहेत. पण एकच टाकलं होतं म्हणून मागे राहिलेल्यांचं अडत नाही.

इथे माझी देणी अनोळखी माणसांपर्यंत जातात. डेबियन 1993 मध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानं सुरू केलं आणि तेव्हापासून जगभरातले स्वयंसेवक ते चालवत आले आहेत. आमच्या पडद्यावर मेनू मराठीत दिसतात त्याच्यामागे मुंबईच्या व्हीजेटीआयचे प्रा. जितेंद्र शाह आणि इंडिकट्रान्सची मंडळी आहेत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले जी. नागार्जुन यांच्यासारखे मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरणारे शिक्षक आहेत, पुण्यात बसून ओळ न् ओळ भाषांतर करणारे आहेत. 'लोहित' हा फॉन्ट रेड हॅटनं मोकळा केला. त्याची मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेली. चौथीतली मुलगी ओसरीवर बसून ऑफलाइन विकिपीडियात मराठीत 'वैनगंगा' शोधते तेव्हा यातलं कुणीही तिथे नसतं. त्यांना शहापूर कुठलं हेही माहीत असण्याचं कारण नाही. पण ती मुलगी वाचते आहे त्याचं बिल त्यांनी आधीच भरून ठेवलेलं आहे.

हे सगळं करत असताना आपण जगातलं काही नवं करतो आहोत असा माझा समज नव्हता, आणि वाचत गेले तसा उरलासुरलाही गेला. ॲम्स्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा यांनी 2009 मध्येच 'रिपेअर कॅफे' भरवला होता. बंगळुरूत तो 2015 मध्ये आला. पुण्याची पूर्णम इकोव्हिजन ई-कचरा गोळा करून त्यातले चालण्याजोगे संगणक शाळांना देते. केरळनं 2001 मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प हाती घेतला आणि पुढे सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आणून दाखवल्या. आणि आपल्याच राज्यात, रायगडमधल्या कर्जत तालुक्यात खैरात नावाच्या वाडीवर, 2007 मध्ये एका छोट्या शाळेतल्या मुलांच्या हाती हिरवे-पांढरे ओएलपीसी लॅपटॉप आले होते. वीज अगदी नावाला खाणारे, आणि मुलांनाच उघडून दुरुस्त करता यावेत असे मुद्दाम घडवलेले. फिनलंडच्या विले-मातियास हेइकिला यांनी तर 2020 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी माझ्या दुकानात खोडरबर मागितलं गेलं त्याच वर्षी, 'पर्माकम्प्युटिंग' असं नाव देऊन याची तात्त्विक मांडणी केली. मी ती काकाजींना थोडक्यात सांगितली. ते म्हणाले, "बराबर सांगून रायला तो." पुढे चर्चा नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला पुस्तकांपेक्षा काकाजींच्या मीटरनं आधी शिकवली. जुनं ते सगळं जपायचं, हा हट्ट वेडेपणाचा आहे. पेंटियम 4 चा डबा आणि त्याच्या जोडीचा डबडा सीआरटी मॉनिटर मिळून दीडशे-दोनशे वॅट ओढतात. दिवसाला पाच तास चालवलं तर जवळपास एक युनिट. त्याच कामाला जुना लॅपटॉप पंचवीस वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे युनिटचा आठवा हिस्सा. जिल्हा परिषदेच्या शाळांना वीजबिल भरण्याची काय कसरत करावी लागते ते ज्यांना माहीत आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या प्रदूषणातला मोठा वाटा तो विकत घेण्याआधी, कारखान्यातच झालेला असतो. म्हणून लॅपटॉप जितका जास्त चालवू तितकं बरं. पण पेंटियम 4 ला तो नियम लावून जिवंत ठेवणं म्हणजे फक्त हौस. आम्ही ते उघडून घेतो. पंखे, स्क्रू, केबल, चालू असेल तर पॉवर सप्लाय. बाकी जातं.

कुठे जातं, हा अवघड प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आम्हाला भंडाऱ्याच्या एका कबाडी भाईंनी दिलं. भाई पूर्वी वायर जाळून तांबं काढायचे. मॉनिटरची नळी फोडून मागची तांब्याची गुंडी घ्यायचे आणि काच नाल्याकाठी टाकायचे. त्या काचेत किलो-दोन किलो शिसं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी संध्याकाळचा हिशोब किलोवरच व्हायचा होता. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण आपण घराबाहेर काढलेली वस्तू पुढे कुठे जाते हे या देशात ज्यांनी पाहिलं ते हेच लोक. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. उरलेला गेला तो असाच, कुणाच्या तरी हातून. आता भाई तोडण्याआधी मला फोन करतात. लॅपटॉप आला, उघडू का? आम्ही त्यांना भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त देतो. कुठल्या बोर्डाला बाजारात काय भाव आहे, कुठला स्क्रीन कुठल्या मॉडेलला बसतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. बॅटरी फुगली असेल तर ती कशी हाताळायची हे त्यांनी सांगितलं आणि काकाजींनी मान डोलावली. या माणसाची मान्यता मिळणं सोपं नाही.

सीआरटीच्या नळ्या आणि मेलेले बोर्ड आम्ही वेगळे ठेवतो. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेले पाहिजेत. ते नागपूरकडे पाठवायचे तर टेम्पोभर माल जमावा लागतो, आणि जमेपर्यंत भाऊंची मागची खोली अडते. ही अडचण आहे तशी आहे. भाऊंच्या घरच्यांनी यावर जे काही म्हटलं ते रास्तच आहे, आणि ते देणंही आमच्याच खात्यावर.

तालुक्यातल्या एका कार्यालयानं मध्यंतरी संगणक बदलले. जुने चांगले होते. आम्ही अर्ज केला, कितीतरी खेपा घातल्या. शेवटी ते लिलावात वजनावर गेले, कारण कागदोपत्री 'दुरुस्तीयोग्य' असा रकानाच नव्हता. त्या डब्यांपैकी तीन भाईंमार्फत आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्यावर कार्यालयाचे जुने क्रमांक तसेच रंगवलेले होते. आणि हार्ड डिस्कमध्ये लोकांचे अर्जही तसेच. त्या दिवसापासून नियम पक्का केला: डिस्क आधी पुसायची, आणि मालक हजर असेल तर त्याच्यासमोर. घरचा संगणक असेल तर आधी विचारायचं, फोटो काढून ठेवले का? दहापैकी सात जण म्हणतात, कशात काही नाही. मग लग्नाचे, बारशाचे फोटो निघतात आणि सगळं काम थांबवून लोक ते पाहत बसतात. त्या वेळी काकाजी चिडतात, पण तेही पाहतात.

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा आधार संपायची वेळ आली तेव्हा मात्र ओसरी पुरेना. 14 तारखेनंतर कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई गावात कुणी उठवली होती. तसं काही नव्हतं. सुरक्षेची अद्ययावत भर मिळणं थांबणार होतं, आणि घरगुती वापराला एका वर्षाची मुदतवाढही होती. पण विंडोज 11 जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही, त्याला टीपीएम 2.0 ची चिप लागते, म्हणून जुनी पण धडधाकट यंत्रं घेऊन लोक आले. आम्ही त्यांना दोन्ही वाटा सांगितल्या. कुणावर लिनक्स लादलं नाही. माझ्याच केंद्रात एक यंत्र अजून विंडोजवर आहे, कारण डिजिटल स्वाक्षरीचं टोकन आणि बोटाचं यंत्र तिथेच बिनतक्रार चालतात. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना दाखले काढायचे नाहीत, नुसतं वाचायचं, लिहायचं, पाहायचं आहे, त्यांच्यासाठी जुनं यंत्र आणि डेबियन पुरेसं आहे, आणि गावात अशीच माणसं जास्त आहेत.

ज्या बाई जुना फोन मागत फिरायच्या, त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी शाळेतली एक खोली आणि तिची किल्ली आमच्या नावे करून घेतली होती, मुख्याध्यापकांशी भांडून. मला ते त्या गेल्यावर कळलं. आता त्या खोलीत रांगेनं लॅपटॉप आहेत, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, आणि रजिस्टर सातवीतली दोन मुलं सांभाळतात. रोवणीच्या दिवसांत आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत आमचं काम बंद असतं. दंडारीचा खेळ सोडून रॅम घासायला कोण येणार, आणि का यावं?

काकाजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. सोल्डरिंग आता ते करत नाहीत. खुर्चीत बसून मुलांना विचारतात, "का झालं त्याले?" आणि पोरगं 'बंद पडलं' म्हणालं की ऐकून घेत नाहीत. गेल्या वर्षी गावानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं तेव्हा त्या दिवशी ते नेमके मुलीकडे तुमसरला गेले. शाल-श्रीफळ माझ्याकडे पडून आहे. त्यांनी मला शिकवलं त्याची परतफेड त्यांना करता येईल अशी सोय त्यांनीच ठेवलेली नाही, तेव्हा ती पुढच्याला करण्यावाचून माझ्यापुढे पर्याय नाही.

बाहेरगावचे लोक विचारतात, पैसे कुठे पाठवायचे? पैसे नकोत. आम्हालाच काही पाठवायला हवं असंही नाही. तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात वाइंडिंगवाला असेल, रेडिओ मेकॅनिक असेल, कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा फिटर असेल, त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. आणि पुण्या-मुंबईत, नागपुरात कंपनीनं नवा लॅपटॉप दिला म्हणून कपाटात पडलेला जुना कुणाला द्यायचाच असेल, तर आणखी तीन वर्षं ठेवून देऊ नका. कपाटात त्याची बॅटरी मरते. देताना आपले फोटो काढून घ्या, चार्जर त्याच पिशवीत घाला, कारण चार्जर नसलेला लॅपटॉप आमच्याकडे महिनोन् महिने पडून राहतो. आणि बायोसला पासवर्ड लावलेला असेल तर तो काढून द्या.